पावणेअकरा मिलिसेकंद

गाण्याचा मिक्स चालू असतानाच, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक एकमेकांत बसवतानाच, मास्टर ट्रॅकवर (सगळे ट्रॅक शेवटी जिथे एकत्र होतात तिथे) मास्टरिंगची, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याची, अख्खी साखळी लावून बसायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी सवयही म्हणत नाही. टेम्प्लेट उघडलं की मास्टरवर सहा-सात प्लगिन (आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्रॅम) आधीच हजर. पहिली हलगी रेकॉर्ड व्हायच्या आत गाणं ‘तयार’ वाजायला लागतं. मग पंचवीस-तीस ट्रॅक झाले की कधीतरी आवाज तुटतो, टक-टक येते, स्क्रीनवर ओव्हरलोडचा इशारा झळकतो, आणि निदान ठरलेलं असतं: मशीन कमी पडतंय. कोल्हापुरात राजारामपुरीत चार दुकानं फिरलात तर सल्ला बहुधा रॅम वाढवण्याचा मिळेल. रॅम वाढवली तर ढोलकीची मोठी सॅम्पल लायब्ररी न अडखळता उघडेल, हे खरं. मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं मर्यादेत रोखणारं प्लगिन) मात्र त्याने तिळाएवढाही हलका होत नाही.

बहुतेक वेळा मशीन पुरेसं असतं, असं माझं मत आहे. मास्टरिंगची प्लगिन लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की समोर एकच स्टिरिओ फाइल आहे, कुणाला घाई नाही, माइकसमोर कुणी उभं नाही. तीच प्लगिन आपण चाळीस ट्रॅकच्या शेपटीला बांधतो आणि वर तातडीने उत्तर मागतो. तातडी म्हणजे किती, हे आधी आकड्यात पाहायला हवं.

ऑडिओ प्रोग्रॅम आवाजाचा हिशेब तुकड्यातुकड्याने करतो. त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेशन ४८ किलोहर्ट्झचं (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या नोंदी) आणि बफर ५१२ सॅम्पलचा असेल तर एक तुकडा १०.६७ मिलिसेकंदांचा होतो, जवळजवळ पावणेअकरा. एवढ्या वेळात सगळे ट्रॅक, सगळे सेंड (अनेक ट्रॅकांचा आवाज एकाच इफेक्टकडे नेणाऱ्या वाटा), सगळे ग्रुप आणि शेवटी मास्टर मोजून तयार तुकडा ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज मशीनच्या आत-बाहेर नेणाऱ्या उपकरणाच्या) हाती द्यायचा, लगेच पुढचा घ्यायचा. हे सेकंदाला जवळपास ९४ वेळा. वेळ टळली तरी इंटरफेस थांबत नाही. हातात काही आलेलं नसलं की तो शांतता वाजवतो, नाहीतर कचरा. तीच ती टक.

बफर १२८ केला तर मुदत २.६७ मिलिसेकंदांवर येते, १०२४ केला तर २१.३३ वर जाते. बफर वाढवल्याने एकूण काम फारसं घटत नाही. दर तुकड्यामागे होणारी किरकोळ उठाठेव कमी होते आणि एखाद्या क्षणी वाढलेलं काम सामावून घ्यायला जागा मिळते. सेशन ९६ किलोहर्ट्झचं असेल तर मात्र तेच ५१२ सॅम्पल ५.३३ मिलिसेकंदांत उरकावे लागतात. काम तेवढंच, वेळ निम्मा. जोगवा, पोवाडा, गणपतीचं गाणं, यांतलं काहीही ४८ मध्ये उत्तम होतं. ९६ चा हट्ट धरायचा असेल तर तो का, याचं उत्तर स्वतःकडे तरी असावं.

आता मास्टरचं काय वेगळं आहे ते. आठ कोअरचा प्रोसेसर असेल तर हलगी एका कोअरवर, कोरस दुसऱ्यावर, संबळ तिसऱ्यावर, अशी कामं वाटता येतात, कारण हलगीच्या ट्रॅकला संबळाच्या ट्रॅकची वाट पाहावी लागत नाही. मास्टरवर ही वाटणी संपते. तिथे ईक्यूचं (जाड-बारीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्याचं) उत्तर आल्याशिवाय कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) सुरू होत नाही, कॉम्प्रेसर संपल्याशिवाय सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीत ऊब देणारं) नाही, सॅच्युरेशन झाल्याशिवाय लिमिटर नाही. साखळी एका पाठोपाठ एक, आणि सहसा एकाच कोअरवर. गुऱ्हाळावर ऊस कितीही घाण्यांत गाळा, रस शेवटी एकाच काहिलीत उतरायचा असेल तर घाणे वाढवून गूळ लवकर होत नाही.

समजा, सगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर मिळून ६ मिलिसेकंदांत झाले. त्यानंतर मास्टरच्या साखळीला ५ मिलिसेकंद लागले. बेरीज ११. मुदत १०.६७. तुटलं! यातलं कुठलंच काम एकट्याने जड नाही, आणि त्या शेवटच्या ५ मिलिसेकंदांत सात कोअर जवळजवळ रिकामे बसलेत. म्हणून टास्क मॅनेजर उघडला तर तो ३० टक्के दाखवतो आणि माणूस चक्रावतो. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो, तीही सावकाश. आपला प्रश्न पावणेअकरा मिलिसेकंदांतल्या एका कोअरचा आहे. तो कळायला रीपर, क्यूबेस, एफएल स्टुडिओ, लॉजिक अशा ऑडिओ प्रोग्रॅमचा स्वतःचा मीटर लागतो. रीपरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-पी दाबल्यावर परफॉर्मन्स मीटर येतो, त्यात ‘आरटी सीपीयू’ (मुदतीत करायच्या कामाचा भार) आणि सर्वांत लांबलेला ब्लॉक, म्हणजे तुकडा, पाहायचा. क्यूबेसमध्ये परफॉर्मन्सच्या खिडकीत सरासरी लोड वेगळा आणि रिअल-टाइम पीक वेगळा असतो, आपल्या कामाचा दुसरा. एफएल स्टुडिओच्या ऑडिओ सेटिंगमध्ये अंडररनचा (मुदत चुकलेल्या वेळांचा) आकडा दिसतो, तो वाढत असेल तर कान चुकलेले नाहीत. लॉजिकचा मीटर कोअरनिहाय दांड्या दाखवतो. एकच दांडी छताला आणि बाकीच्या तळाशी, हे चित्र दिसलं की मास्टरवर किंवा निवडलेल्या ट्रॅकवर नजर टाकायची. लॉजिक निवडलेला ट्रॅक थेट वाजवण्यासाठी तयार ठेवतो, म्हणून एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडून ठेवल्यानेही कधीकधी दांडी खाली येते. फुकटचा उपाय आहे, पण लई लोकांना माहीत नाही.

एक फसवा प्रकार वेगळा सांगायला हवा. काही प्लगिन स्वतःचं काम मोठ्या घमेल्याने उचलतात. आतलं गणित ४०९६ सॅम्पलच्या गठ्ठ्यावर चालणारं असेल आणि तुमचा बफर १२८ चा असेल, तर ३१ तुकडे ते नुसतं माल गोळा करतं आणि बत्तिसाव्याला सगळं गणित एकदम करतं. सरासरी पाहिली तर प्लगिन अगदी गरीब. तो बत्तिसावा तुकडा मात्र दरवेळी मुदत ओलांडायच्या बेतात. ठरावीक अंतराने येणारी टक ऐकू आली की आधी या जातीच्या प्लगिनवर संशय घ्यायचा: लिनिअर फेज ईक्यू (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करणारा), स्पेक्ट्रममध्ये काम करणारे नॉइज रिडक्शन, आणि गाण्यातून आवाज-वाद्यं वेगळी काढणारी यंत्रं. बफर १०२४ केला की यांचा धक्का पसरतो.

लोड आणि विलंब या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा. लिनिअर फेज ईक्यू प्रोसेसरला हलका असूनही आवाजाला उशीर करू शकतो. अशा फिल्टरची लांबी ८१९२ सॅम्पल असेल तर विलंब तिच्या निम्मा, ४०९६ सॅम्पल, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ८५ मिलिसेकंद. नुसतं ऐकताना हे कळत नाही. प्ले दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो, एवढंच. पण शाहिराला पोवाड्याचा एक चौक पुन्हा गायचाय आणि हेडफोनमधला त्याचा आवाज प्रोग्रॅममधून फिरून येतोय, अशा वेळी तो ८५ मिलिसेकंद आणि वर बफर एवढा मागे ऐकू येतो. गाणारा चाचपडतो, डफवाला वैतागतो, आणि दोष ‘मशीन स्लो आहे’ म्हणून पुन्हा प्रोसेसरच्या माथी. लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड आणि क्यूबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन यासाठीच असतात. ठरावीक मर्यादेपलीकडे विलंब करणारी प्लगिन ते तात्पुरती बाजूला ठेवतात. ही सोय नसेल तर रेकॉर्डिंगच्या आधी मास्टरची साखळी हाताने बंद करायची. रीपरमध्ये एफएक्सच्या खिडकीत खालच्या कडेला त्या प्लगिनचा सीपीयू आणि सॅम्पलमधला विलंब दोन्ही दिसतात. ती ओळ वाचायची सवय लावली तर अर्धे वाद मिटतात.

बंद करणं म्हणजे काय, हेही तपासा. प्लगिनवरचं स्वतःचं बायपासचं बटण दाबलं तरी कितीतरी प्लगिन आत गणित चालूच ठेवतात, जेणेकरून चालू-बंद करताना आवाज दचकू नये. क्यूबेसमध्ये बायपास आणि डीॲक्टिव्हेट वेगळे आहेत. बायपासमध्ये मागे काम सुरू राहतं, लोड उतरतो तो डीॲक्टिव्हेट केल्यावर. रीपरमध्ये प्लगिन ‘ऑफलाइन’ केलं की ते मेमरीतूनही उतरतं. ‘मी सगळं बायपास करून पाहिलं, तरी तुटतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच गोंधळ असतो.

मग साखळीतलं नक्की जड काय? पहिला नंबर ओव्हरसॅम्पलिंगचा. लिमिटर, क्लिपर (शिखर सरळ कापणारा), सॅच्युरेशन ही प्लगिन नव्या फ्रिक्वेन्सी तयार करतात, त्या वरच्या मर्यादेला आपटून खाली घाण बनून परततात. ते टाळायला प्लगिन आतल्या आत सॅम्पल रेट चौपट, आठपट करतं. चौपट केलं तर आतलं कामही साधारण चौपट, वर फिल्टरचा खर्च निराळा. फॅबफिल्टरच्या प्रो-एल २ या लिमिटरमध्ये हे ३२ पटींपर्यंत नेता येतं. नेता येतं म्हणून मिक्स करताना न्यायचं नसतं. ट्रू पीक लिमिटिंगचंही तसंच. दोन सॅम्पलच्या मधलं शिखर पकडायला आतून जादा सॅम्पल काढावे लागतात. मोजमापाच्या आयटीयू-आर बीएस.१७७० या शिफारशीतली ट्रू पीकची पद्धत ४८ किलोहर्ट्झला चौपट ओव्हरसॅम्पलिंगवर आधारलेली आहे. अंतिम फाइल देताना हे हवंच. कोरसचा फेडर अर्धा डीबी वर की खाली, हे ठरवताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरा नंबर ओझोनसारख्या एका खिडकीत सगळं मावणाऱ्या प्लगिनचा. त्यात वापरात नसलेली मॉड्यूल पूर्ण काढून टाका, नुसती शून्यावर ठेवू नका. त्याच्या मॅक्सिमायझरमध्ये (लाउडनेस वाढवणाऱ्या लिमिटरमध्ये) आयआरसीचे, म्हणजे दाबण्याच्या पद्धतीचे, प्रकार आहेत. आयआरसी ४ हा आयआरसी १-२ पेक्षा बराच जड. मिक्स चालू असताना १ किंवा २ वर ठेवा, शेवटी बदला. त्याच घरातलं मास्टर रिबॅलन्स स्टिरिओ फाइलमधून आवाज, बास, ड्रम वेगळे ओळखून वर-खाली करतं. तयार फाइल हाती आलेल्या मास्टरिंगवाल्यासाठी ही चीज भारी आहे. पण स्वतःच्याच मिक्सच्या मास्टरवर ते लावून गाणाऱ्याचा आवाज एक डीबी वर घेणाऱ्यांना काय म्हणावं? भावा, त्या आवाजाचा फेडर तिथेच डावीकडे आहे.

तिसरा नंबर लिनिअर फेज क्रॉसओव्हर असलेल्या मल्टिबँडचा (आवाज फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांत वाटून दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा), आणि त्यानंतर उघड्या खिडक्यांचा. स्पेक्ट्रम ॲनलायझर आवाजाच्या गणितात थेट येत नाही, पण साध्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकाच चिपमध्ये बसतात आणि एकाच वीजमर्यादेत भागवतात. पाच ॲनलायझर नाचत असतील तर त्यांची वीज प्रोसेसरच्या वाट्यातूनच जाते. खिडक्या मिटा.

सगळंच काढा, असं मी म्हणत नाही. मास्टरवर एक-दोन डीबी दाबणारा साधा बस कॉम्प्रेसर असेल आणि मिक्स पहिल्यापासून त्याच्यातून ऐकत बांधलेला असेल, तर तो मिक्सचा भाग आहे. तो शेवटी काढला तर ढोलकी आणि बास यांचं नातं बदलतं. तसा तो प्रोसेसरला सहसा स्वस्तच असतो. रुंद हाताने फिरवलेला, मिनिमम फेजचा (जवळजवळ विलंब न करणारा) ईक्यूही राहू द्या. काढायचं ते लाउडनेससाठी आणलेलं.

इथे कोल्हापुरातली अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. गणपतीच्या दिवसांत मंडळाची पोरं मिक्स ऐकायला येतात ती ‘डॉल्बीवर कसं वाजणार’ हे डोक्यात घेऊन. मोबाइलमधल्या गाण्याशेजारी तुमचा मिक्स सात-आठ डीबी हळू वाजला तर चाल, शब्द, वाजवणं काहीही चांगलं असलं तरी त्यांना ते ‘बसकं’ वाटतं. त्यांचं चूक नाही. माणसाच्या कानाला मोठं ते चांगलं वाटतंच. त्यासाठी प्रोग्रॅमसोबत येणारा साधा लिमिटर पुरतो. एफएल स्टुडिओत तर लिमिटरसकट टेम्प्लेट मिळतं, आणि तो फ्रुटी लिमिटर प्रोसेसरला जाणवतही नाही. ओव्हरसॅम्पलिंग बंद, तीन-चार डीबीपेक्षा जास्त दाब नाही. पाहुणे गेले की बंद. रीपरमध्ये तो मॉनिटरिंग एफएक्समध्ये आणि क्यूबेसमध्ये कंट्रोल रूमच्या इन्सर्टमध्ये, म्हणजे फक्त ऐकण्याच्या वाटेवर, ठेवला तर रेंडरमध्ये (काढलेल्या अंतिम फाइलमध्ये) शिरण्याचीही भीती नाही. हेडफोन-स्पीकर दुरुस्त करणारी सोनारवर्क्ससारखी प्लगिनही तिथेच हवीत. मास्टरवर विसरलेलं करेक्शन फाइलमध्ये छापून गेलं की सगळा टोन वाकडा होतो. त्यातला लिनिअर फेजचा पर्याय विलंब वाढवतो; मिक्स करताना झिरो लेटन्सीचा घ्या.

हलगीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे मास्टरचा लिमिटर जड वाटण्यामागे बऱ्याचदा हलगीच असते. टिपरूचा (हलगीच्या काठीचा) ठोका क्षणभराचा, पण शिखर प्रचंड. बाकी मिक्सपेक्षा आठ-दहा डीबी वर सहज जातं. झांजेसारखा कैताळ त्यात भर घालतो. मास्टरचा लिमिटर प्रत्येक ठोक्याला सगळं गाणं खाली दाबतो, तुणतुणं लपकन बुडतं आणि परत येतं. हे ऐकून माणूस लिमिटर बदलतो, जास्त हुशार, जास्त जड आणतो, लुकअहेड (शिखर आधीच पाहून घेण्याचा वेळ) वाढवतो, ओव्हरसॅम्पलिंग चढवतो. यातून लोड वाढतो, बुडणं तेवढंच राहतं. ते शिखर हलगीच्या ट्रॅकवरच उतरवा: साध्या क्लिपरने दोन-तीन डीबी, मग हलगी-घुमकं-कैताळाच्या ग्रुपवर झटपट ॲटॅकच्या कॉम्प्रेसरने आणखी दोन. ठोक्याची धार जात नाही, कारण एवढ्या लहान क्षणातलं क्लिपिंग कानाला सहसा कळत नाही. यानंतर मास्टरवर साधा लिमिटरही शांतपणे काम करतो. शिवाय ही प्लगिन ट्रॅकवर आहेत, म्हणजे ती वेगळ्या कोअरवर जाऊ शकतात. मिक्समधला प्रश्न मिक्समध्ये सुटला की प्रोसेसरही सुटतो.

उलट टोक पाहायचं तर ख्यालाचं रेकॉर्डिंग घ्या. गायक अल्लादिया खाँसाहेबांमुळे आणि देवल क्लबासारख्या संगीतसंस्थेमुळे कोल्हापूरला ती गायकी परकी नाही. आवाज, तबल्याचे दोन माइक, हार्मोनियम, दोन तंबोरे. फार तर सात-आठ ट्रॅक. इथे प्रोसेसरला काही भारच नाही, म्हणून मास्टरवर वाट्टेल ते लावता येतं, आणि लोक लावतात. मीटर हिरवा आहे एवढ्यावरून तिथे लिमिटर हवाच आहे असं होत नाही. विलंबित बढतीत आवाज हळू होतो तो मुद्दाम. स्पॉटिफायसारखी सेवा ऐकवताना साधारण −१४ एलयूएफएसला (हे सरासरी लाउडनेसचं माप) आणते; दाबून −८ ला नेलेलं गाणं ती तेवढं खाली ओढते, आणि दाबलेलं ते दाबलेलंच राहतं.

ट्रॅकच्या बाजूची बचत लवकर सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक असते. सॅम्पल वाद्यं आधी फ्रीझ करा (आवाज छापून घेऊन ट्रॅक हलका करा), मग पिच करेक्शन छापून टाका. सूर एकदा ठरला की ते प्लगिन जिवंत ठेवायचं कारण उरत नाही. बारा ट्रॅकवर बारा रिव्हर्ब असतील तर दोन सेंडवर आणा. ओरिजिनल ट्रॅक लपवून ठेवा, पुसू नका. रीपरचं अँटिसिपेटिव्ह एफएक्स आणि क्यूबेसचं एएसआयओ-गार्ड चालू राहू द्या. ज्या ट्रॅकवर थेट रेकॉर्डिंग चालू नाही त्यांचं काम ते आधीच करून ठेवतात, आणि मुदतीच्या क्षणी मास्टरच्या वाट्याला जास्त वेळ येतो. म्हणूनच मिक्स करताना विनाकारण रेकॉर्डसाठी आर्म करून ठेवलेला ट्रॅक महागात पडतो.

मशीनकडे वळायचं ते हे सगळं झाल्यावर. उन्हाळ्यात घरातल्या छोट्या खोलीत रेकॉर्डिंग म्हणजे माइक लागला की पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद. लॅपटॉप गादीवर किंवा कापडावर. तासाभरात प्रोसेसर नव्वद-पंच्याण्णव अंशांवर जातो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मुदत पावणेअकरा मिलिसेकंदांचीच, करणारा मात्र आता मंद. सकाळी वाजलेलं सेशन दुपारी तुटतं, त्याचं कारण प्लगिनमध्ये शोधून सापडत नाही. पहिलं अर्धं-एक मिनिट सुरळीत आणि मग टक-टक, हेही त्याच जातीचं लक्षण. लॅपटॉप सुरुवातीला थोडा वेळ जास्त वीज घेतो आणि मग हात आखडतो. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत साधन लावून तापमान आणि घड्याळाचा वेग शेजारी शेजारी पाहा. वेग पडत असेल तर पंख्याची जाळी साफ करा, थर्मल पेस्ट बदलून घ्या, खाली स्टँड द्या. चार्जर मूळ वॅटचाच हवा. ६५ वॅटच्या जागी ४५ चा लावला तरी लॅपटॉप चालतो, पण दबून. आणि लाइट गेली की बहुतेक लॅपटॉप बॅटरीवर जाताच वेग कमी करतात, तेव्हा इन्व्हर्टरची जोड असू द्या, निदान टेकच्या मध्ये तरी.

विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, आणि ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच. मीटर खाली असूनही टक येत असेल तर लेटन्सीमॉन हे तपासणीचं साधन दहा मिनिटं चालवून ठेवा. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसत असेल तर त्यात सापडतो. वायफाय बंद करून तेच सेशन वाजवणं ही पाच सेकंदांची चाचणी आहे, ती सगळ्यात आधी.

निदानाची आणखी एक खूण: ऑफलाइन रेंडरमध्ये लोडमुळे टक कधीच येत नाही, कारण तिथे मुदतच नाही. एका सेकंदाचा आवाज मोजायला तीन सेकंद लागले तर प्रोग्रॅम तीन घेतो. म्हणून तुटणारी जागा रेंडर करून ऐका. फाइल स्वच्छ असेल तर प्रश्न फक्त ऐकण्याच्या वेळेचा होता. फाइलमध्येही टक असेल तर ती रेकॉर्डिंगमध्येच बसलेली आहे, किंवा कट नीट जोडलेला नाही, किंवा कुठेतरी क्लिपिंग आहे. बफर कितीही वाढवा, ती जाणार नाही.

मास्टरिंगला स्वतंत्र सेशन करायचं ते याच सवलतीसाठी. मिक्समधून लाउडनेसची प्लगिन काढून सेशनच्याच सॅम्पल रेटला ३२ बिट फ्लोट फाइल (शून्यावर गेलेलं शिखरही न कापणारी) काढायची. २४ बिट काढत असाल तर शिखर शून्याला लागणार नाही हे पाहायचं. −३ ते −६ च्या आसपास असलेलं बरं. शेवटच्या रिव्हर्बची शेपूट पूर्ण विरेपर्यंत रेंडरची हद्द ठेवा, झांजेचा नाद कापला गेलेली गाणी कमी नाहीत. नव्या सेशनमध्ये ही एक फाइल, शेजारी संदर्भाचं एखादं गाणं, बफर १०२४ किंवा २०४८. आता ओव्हरसॅम्पलिंग आठपट करा, ट्रू पीक लावा, लिनिअर फेज ईक्यू घ्या, आयआरसी ४ करा. तोच लॅपटॉप, तीच प्लगिन, आणि मीटर निम्म्यावरही जात नाही. काही प्लगिनमध्ये ऐकतानाचं आणि रेंडरचं ओव्हरसॅम्पलिंग वेगवेगळं ठेवता येतं. ते वापरलं तर तयार फाइल पुन्हा एकदा पूर्ण ऐकाच, कारण वरची धार थोडी बदललेली असते.

इथे एक आक्षेप येतो: मास्टरिंग करताना कळलं की कोरस जास्त आहे, मग पुन्हा मिक्स उघडा, रेंडर करा, हा व्याप कोण करणार? स्टुडिओ वन वापरणाऱ्यांना यावर तोडगा मिळतो. त्याच्या प्रोजेक्ट पानावर गाणं मिक्सशी जोडलेलं राहतं आणि बदल केल्यावर नवी फाइल करून घेतं. इतरांनी एकाऐवजी चार स्टेम, म्हणजे गटवार फाइली, काढावेत: ताल, मुख्य आवाज, कोरस, बाकी वाद्यं. मात्र मास्टरवर बस कॉम्प्रेसर असेल तर स्टेम एकत्र केल्यावर मूळ मिक्ससारखे वाजत नाहीत, कारण प्रत्येक स्टेमला तो वेगळा दाबतो. तेव्हा स्टेम काढताना कॉम्प्रेसर बंद ठेवून तोच, त्याच आकड्यांसह, मास्टरिंगच्या सेशनमध्ये पहिल्या जागी लावायचा.

स्टेम काढलेच आहेत तर ते जपूनही ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ म्हणजे मिनिटाला १७.२८ एमबी, पाच मिनिटांच्या जोगव्याचे आठ स्टेम मिळून सातशे एमबीच्या आत. पुढच्या नवरात्रात मंडळाला तेच गाणं नव्या आवाजात हवं असतं, आणि तोवर प्लगिनची आवृत्ती बदललेली असते किंवा लायसन्स दुसऱ्या मशीनवर गेलेलं असतं. सगळे स्टेम गाण्याच्या पहिल्या सॅम्पलपासून सुरू होणारे काढा आणि टेम्पो फाइलच्या नावातच लिहा. पोवाड्यासारखं गाणं मोकळ्या लयीत असेल तर टेम्पोऐवजी सुरुवातीला मोजणीचे चार ठोके ठेवा.